वातावरणीय कणांची एकस्वे (पेटंटे)

पृथ्वी थंड करण्यासाठी वातावरणात उंचावर सूक्ष्म कण सोडण्याच्या पद्धतींवर आणि साधनांवर मागितलेली वा मिळालेली एकस्वे. मूळ कल्पनेवर कोणाला मालकी सांगता येत नाही, कारण ती ज्वालामुखीची आहे. फिलिपिन्समधील पिनाटुबो १५ जून १९९१ रोजी फुटला तेव्हा स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या थरात) सल्फेटचे म्हणजे गंधकाच्या संयुगाचे कण पसरले, त्यांनी ऊन परतवले आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे ०.५° से. ने उतरले. एकस्व मिळते ते कणाच्या घडणीवर, नळीवर, फुग्यावर किंवा फवारणीच्या रीतीवर.

सर्वांत गाजलेले एकस्व पिनाटुबोच्या जेमतेम तीन महिने आधीचे आहे. अमेरिकेतील ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीसाठी डेव्हिड चँग व आय-फू शिह यांनी १९९० मध्ये अर्ज केला आणि २६ मार्च १९९१ रोजी ५,००३,१८६ क्रमांकाचे एकस्व मिळाले. त्याच्या शीर्षकातले ‘वेल्सबाख’ हे नाव गॅसबत्तीच्या मँटलच्या जनकाचे. वरातीतल्या गॅसबत्तीचा पांढराशुभ्र उजेड ज्या थोरियम ऑक्साइडच्या जाळीतून येई, तो पदार्थ किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण ७ ते १३ किमी उंचीवर पसरावेत, असे त्यात सुचवले आहे. गंमत अशी, की हे कण ऊन परतवण्यासाठी नाहीतच. हरितगृह वायूंनी अडवलेली उष्णता वेगळ्या तरंगलांबीत बदलून अवकाशात सोडणे हे त्यांचे काम. तरीही विमानांमागच्या पांढऱ्या रेघा म्हणजे गुप्त फवारणी, असे मानणारे याच कागदाचा दाखला देतात. एकस्व म्हणजे इतरांना मज्जाव करण्याचा हक्क. ती वस्तू कोणी वापरली याचा तो पुरावा नव्हे, वापरण्याचा परवानाही नव्हे. या एकस्वाची मुदतही केव्हाच संपली आहे.

प्रत्यक्ष काम अडले ते ब्रिटनमध्ये. स्थितांबरात कण सोडण्याचा अभ्यास करणाऱ्या ‘स्पाइस’ प्रकल्पात नॉरफोकमधील स्कल्थॉर्प धावपट्टीवरून फुगा १ किमी वर चढवून नळीने सुमारे १५० लिटर साधे पाणी फवारायचे होते. एवढ्यावरही आंदोलकांनी आक्षेप घेतला. पुढे प्रकल्पाशी संबंधित व्यक्तींनी तत्सम तंत्रासाठी आधीच एकस्वाचा अर्ज केल्याचे समोर आले. प्रकल्पप्रमुख मॅथ्यू वॉटसन यांनी मे २०१२ मध्ये चाचणी रद्द केली. या हितसंबंधांबरोबरच अशा प्रयोगांसाठी नियमच नाहीत, हेही कारण त्यांनी दिले. पाण्याचा एक थेंबही उडाला नाही.

अशा तंत्रांचे नियमन सार्वजनिक हित म्हणून व्हावे, असे ब्रिटनमधील अभ्यासकांनी २००९ मध्ये मांडलेली ऑक्सफर्ड तत्त्वे सांगतात. पण ती कायदा नव्हेत. एकस्वाची मुदत साधारणतः अर्जापासून २० वर्षे, तर सल्फेटचे कण एक-दोन वर्षांत खाली बसतात. म्हणजे गारवा टिकवायचा तर फवारणी अखंड चालू ठेवावी लागेल, आणि मुदत संपेपर्यंत एकस्वधारकाला गिऱ्हाईकही अखंड मिळेल. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्टारडस्ट’ या इस्रायली-अमेरिकी कंपनीने सल्फेटऐवजी स्वतःचा कण तयार करायला घेतला असून त्यासाठी एकस्वाचे अर्जही केले आहेत.