कोड खुला, चित्र कोणाचे? ऑनलाइन खेळांच्या दुहेरी परवान्यामागील इतिहास

खुल्या पद्धतीने घडलेला एखादा ऑनलाइन खेळ उतरवून घेतला, की त्याच्या मुख्य फोल्डरात बहुधा दोन परवाने सापडतात. एक कोडसाठी, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामसाठी, असतो, दुसरा चित्रे, त्रिमितीय प्रतिकृती, ध्वनी आणि संगीत यांच्यासाठी. प्राचीन साम्राज्यांवरील ‘झिरो ए. डी.’ हा युद्धखेळ, ज्यात मौर्य साम्राज्याचीही बाजू घेता येते, २००९ मध्ये खुला झाला तेव्हा त्याचा कोड जीपीएलच्या (बदललेली प्रतही मूळ कोडसह आणि त्याच अटींवर द्यायला लावणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या) दुसऱ्या आवृत्तीखाली आणि कलासामग्री क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या ‘श्रेयनिर्देश व समान परवाना’ या अटींवर, म्हणजे ‘सीसी बाय-एसए’ खाली देण्यात आली. ही विभागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती वस्तूच्या स्वभावातूनच आली असावी असे वाटते. वास्तविक ती एका व्यापारी सोयीतून आली आणि तिचे तत्त्व मागाहून शोधले गेले.

एकाच कलाकृतीला अनेक मालक असतात हे मुंबईकराला निराळे सांगावे लागत नाही. चित्रपटातील गाण्याचे शब्द, त्याची चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत, आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनात गीतकार-संगीतकारांना बरोबरीचा वाटा मिळावा यासाठी २०१२ ची कायदादुरुस्ती व्हावी लागली. खेळांच्या बाबतीत वाटा मागणारे कोणी फारसे नव्हते, कारण वाटण्यासारखा पैसाच नव्हता. त्यामुळे तेथील भांडणे श्रेयाची, परवानगीची आणि शब्दांच्या अर्थाची झाली.

आरंभकाळात हा प्रश्न उद्‌भवलाच नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात सुरू झालेला ‘मड’ आणि १९९०-९१ मध्ये कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला ‘डिकूमड’ हे निव्वळ अक्षरांचे खेळ होते. जंगल, किल्ला, राक्षस हे सारे वर्णनातच उभे राहात असे. डिकूमडच्या परवान्याने नफा कमावण्यास मनाई केली होती आणि प्रवेशाच्या वेळी मूळ लेखकांची नावे दाखवण्याची सक्ती केली होती. आजच्या व्याख्येनुसार हा परवाना ‘मुक्त’ ठरत नाही, तरी त्यावरून शेकडो खेळ निघाले. कोडही शब्दांचा आणि जगही शब्दांचे असल्यामुळे दोन्हींना एकच नियम लावताना कोणाला अडचण वाटली नाही.

फूट पडली ती चित्रांच्या आगमनानंतर, आणि आधी तांत्रिक अंगाने. १९९३ च्या ‘डूम’ या नेमबाजीच्या खेळाने खेळाचे इंजिन, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, एका बाजूला आणि नकाशे, चित्रे, आवाज यांची ‘वॅड’ नावाची फाइल दुसऱ्या बाजूला ठेवली, जेणेकरून खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे जोडता यावेत. १९९७ च्या डिसेंबरात निर्मात्यांनी या खेळाचा कोड प्रसिद्ध केला, आधी बिगर-व्यापारी अटीवर आणि १९९९ मध्ये जीपीएलखाली. वॅड फाइल मात्र विकत घ्यावी लागे आणि आजही लागते. प्रसिद्ध झालेली आवृत्ती लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीची होती, कारण मूळच्या डॉस प्रणालीवरील आवृत्तीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. इंजिन जुने झाल्यावर त्याची बाजारातील किंमत उतरते, पण त्यातील राक्षसाचा चेहरा, बंदुकीचा आवाज आणि खेळाचे नाव यांवर पुढचे भाग विकायचे असतात, असा हा साधा हिशेब होता. कोड द्यावा आणि कला राखावी हा पायंडा येथून पडला. मुंबईतल्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्याने लॅनवर खेळणाऱ्या आमच्या पिढीला ‘मॉड’ (खेळणाऱ्यांनीच बदलून घेतलेली खेळाची आवृत्ती) हा शब्द ‘परवाना’ या शब्दाच्या बऱ्याच आधी कळला, आणि त्या मॉडमधील चित्रे कोणाची हे आम्ही कधी विचारले नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

ऑनलाइन खेळाला कोड खुला करण्याची एक निराळी किंमत मोजावी लागते, ती १९९९ च्या डिसेंबरात ‘क्वेक’ या डूमकर्त्यांच्याच नेमबाजीच्या खेळाच्या निमित्ताने दिसली. कोड जीपीएलखाली येताच काही दिवसांत आपोआप नेम धरणारे आणि भिंतीपलीकडचे दाखवणारे बदललेले क्लायंट, म्हणजे खेळणाऱ्याच्या संगणकावरचे प्रोग्राम, फिरू लागले, आणि मुक्ततेचे स्वागत करणाऱ्यांतूनच तक्रारी सुरू झाल्या. त्याआधी ‘नेट्रेक’ या खेळाने यावर तोडगा काढला होता : कूट-किल्लीने प्रमाणित केलेला क्लायंटच सर्व्हर, म्हणजे सर्वांचा खेळ चालवणारा मध्यवर्ती संगणक, स्वीकारत असे. म्हणजे कोड वाचा, बदला, वाटा, परंतु बदललेला घेऊन येथे खेळायला येऊ नका. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य आणि खेळातील न्याय यांतील ही ओढाताण पुढे निर्णय सर्व्हरवर घेऊन बरीच सैल झाली. चित्रांना हा त्रास नव्हता, तरी खुलेपणाच्या बाबतीत चित्रेच मागे राहिली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीनेही या विभागणीला फारसा विरोध केला नाही. खेळातील कला हे सॉफ्टवेअर नसल्याने तिचा प्रश्न वेगळा आहे, असे चळवळीच्या प्रवर्तकांनीच लिहून ठेवले आहे. ज्यांना ते पटले नाही त्यांनी दुसरा मार्ग धरला : इंजिन घ्यायचे आणि कलासामग्री नव्याने घडवायची. ‘फ्रीडूम’ हा डूमसाठी, तर २००५ मध्ये ‘क्वेक ३’चा कोड खुला झाल्यावर आलेला ‘ओपनअरेना’ त्या इंजिनासाठी असाच उद्योग होता. ओपनअरेनाने आपली चित्रे आणि प्रतिकृतीही जीपीएलखाली ठेवल्या, आणि येथे या सगळ्या इतिहासातला सर्वांत गुंतागुंतीचा शब्द आडवा येतो.

तो शब्द म्हणजे ‘सोर्स’. मराठीत आपण त्याला ‘स्रोत’ म्हणतो आणि ‘मुक्त स्रोत’ हा शब्दप्रयोग आता रुळला आहे. पण संस्कृतात स्रोतस् म्हणजे वाहता प्रवाह. जिथून पाणी निघते त्याला आपण उगम म्हणतो. भाषांतरातील ही चूक मला उपयोगी वाटत आली आहे, कारण कोडला उगम दाखवता येतो आणि चित्राच्या वाट्याला बहुतेक वेळा प्रवाहच येतो. जीपीएलने सोर्सची व्याख्या अशी केली आहे : एखाद्या कृतीत बदल करण्यासाठी जे रूप पसंत केले जाते ते. प्रोग्रामच्या बाबतीत शंका उरत नाही. माणसाने लिहिलेली फाइल म्हणजे सोर्स आणि यंत्राने बनवलेली फाइल म्हणजे त्याचे फलित. आता एका योद्ध्याची आकृती घ्या. चित्रकाराने ती आधी कागदावर पेन्सिलीने काढली, मग स्कॅन करून वीस थरांच्या फाइलीत रंगवली, थर एकत्र केले आणि शेवटी एक सपाट पीएनजी फाइल खेळात गेली. पुढचा माणूस टोपीचा रंग बदलायचा तर सरळ त्या सपाट फाइलीतच बदलेल. मग पसंतीचे रूप कोणते, आणि कोणाच्या पसंतीचे? थरांची फाइल चित्रकाराने जागा वाचवण्यासाठी पुसून टाकली असेल, तर त्याने परवाना मोडला की ज्याचे पसंतीचे रूप आता पीएनजीच आहे अशी कृती दिली?

त्रिमितीय प्रतिकृतींत हा पेच अधिक घट्ट होतो. लाखो सपाट तुकड्यांची तपशीलवार मूर्ती आधी घडवतात, तिच्या उठावाचा नकाशा काढून हलक्या प्रतिकृतीवर बसवतात, आणि खेळात जाते ती हलकी प्रतिकृती. जड मूर्तीखेरीज तो नकाशा पुन्हा काढता येत नाही. संगीताची गत तर त्याहून वाईट आहे : संगीतकाराची प्रकल्प-फाइल विशिष्ट व्यापारी सॉफ्टवेअरमध्येच उघडते, तिच्यातील सतारीचा किंवा व्हायोलिनचा आवाज विकत घेतलेल्या नमुन्यांचा असतो, आणि ते नमुने पुढे वाटण्याचा हक्क त्याला नसतो. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे जीपीएल लावली, तरी तिची अट त्याला पाळता येत नाही.

हा निव्वळ काथ्याकूट नव्हता. डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्वयंसेवकांनी २००४ मध्ये मतदान करून आपल्या जाहीरनाम्यातील भाषा बदलली. केवळ प्रोग्राम नव्हे तर वितरणातील प्रत्येक घटक मुक्त असला पाहिजे, असा तिचा अर्थ झाला. ‘शब्दांची दुरुस्ती’ म्हणून आलेल्या या ठरावाचे परिणाम शब्दांपुरते राहिले नाहीत. कोड मुक्त पण कलासामग्री बंदिस्त असलेल्या खेळांना मुख्य विभागात जागा उरली नाही. ते बाजूच्या विभागांत गेले. माझ्या मते तो निर्णय तत्त्वाला धरून होता, मात्र कोड लिहिणाऱ्यांनी कोडसाठी बनवलेली मोजपट्टी चित्रकारांच्या कामाला लावताना चित्रकारांना कोणी फारसे विचारले नाही. वर्षानुवर्षे रात्री जागून काढलेल्या चित्रांना ‘सोर्स नाही’ म्हणून दोषाची नोंद लागणे हा अनुभव अनेकांना दूर लोटणारा ठरला.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ च्या डिसेंबरात आले आणि त्यांनी हा पेच सोडवला नाही, टाळला. त्यांत सोर्स देण्याची अटच नाही; श्रेय द्या आणि रूपांतर त्याच अटींवर पुढे द्या, एवढेच ‘बाय-एसए’ मागतो. चित्रकारांना ही भाषा कळत होती. भारतासाठी या परवान्यांची ओळख २००७ च्या प्रजासत्ताकदिनी पवईत, आयआयटीच्या आवारात करून देण्यात आली. अडचण एवढीच होती की कोडचा समान-परवाना आणि चित्राचा समान-परवाना एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांचीही अट ‘माझ्याच अटींवर’ अशी होती. चित्र कोडपासून वेगळ्या फाइलीत असेल तर निभावून जाई, पण चित्रावरून कोड किंवा कोडमधून चित्र तयार होत असेल तर काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. म्हणून २०१२ मध्ये खेळांसाठी मुक्त चित्रे जमवण्याची जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिने प्रत्येक चित्र दोन्ही परवान्यांखाली एकदमच मागितले. पुढे २०१५ च्या ऑक्टोबरात सीसी बाय-एसएच्या चौथ्या आवृत्तीतील कृती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली नेण्यास अधिकृत मान्यता मिळाली. हा रस्ता एकेरी आहे. चित्र कोडच्या घरी जाऊ शकते, कोड चित्राच्या घरी येऊ शकत नाही. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या २००३ पासूनच्या खेळाने आरंभी सारे जीपीएलखाली ठेवले होते, आणि नंतर चित्रे व संगीत यांसाठी हा दुसरा परवानाही स्वीकारला.

२०१० या एकाच वर्षी दोन उलट्या घटना घडल्या. ‘रायझम’ हा बहुखेळाडू खेळ २००६ मध्ये मूळ कंपनी बुडाल्यावर लोकवर्गणीतून विकत घेऊन मुक्त करण्याचा प्रयत्न फसला होता. ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय चित्रे घडवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी २००२ मध्ये असाच प्रयत्न सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून यशस्वी झाला होता, तेव्हा आशा अवाजवी नव्हती. अखेर २०१० च्या मे महिन्यात नव्या मालकांनीच रायझमचा क्लायंट, सर्व्हर आणि साधने एजीपीएलखाली, आणि हजारो प्रतिकृती व पोत (प्रतिकृतींवर चढवायची चित्रे) सीसी बाय-एसएखाली खुले केले. एजीपीएल निवडण्यामागे ऑनलाइन खेळाचे नेमके कारण होते : साधी जीपीएल प्रत वाटल्यावर लागू होते आणि सर्व्हर कोणी वाटत नाही, चालवतो, एजीपीएल नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागण्याचा हक्क देते.

त्याच वर्षी ‘नेक्सुइझ’ या मुक्त नेमबाजीच्या खेळाच्या मूळ संस्थापकांनी त्याचे नाव आणि पुढची व्यापारी आवृत्ती काढण्याचा हक्क एका कंपनीला दिला. ज्यांनी वर्षानुवर्षे नकाशे, आवाज आणि कोड जीपीएलखाली दिला होता, त्यांनी आमच्या संमतीवाचून हे कसे, असा सवाल केला आणि ‘झोनॉटिक’ या नावाने वेगळी चूल मांडली. २०१२ मध्ये विक्रीस आलेला नेक्सुइझ दुसऱ्याच व्यापारी इंजिनावर उभा होता. जे विकले गेले ते नाव होते, आणि नावाबद्दल परवान्यात अवाक्षर नव्हते.

आपल्याकडे या साऱ्याला १९५७ च्या प्रताधिकार कायद्याची चौकट आहे, आणि ती या विभागणीला वेगळाच आधार देते. संगणक प्रोग्राम हा तिच्या लेखी साहित्यकृती आहे, म्हणजे कवितेच्या पंक्तीत. चित्र ही कलाकृती, संगीत ही संगीतकृती. कलम ५७ लेखक-कलावंताला असा हक्क देते की कृती विकल्यानंतरही तिची विटंबना त्याला रोखता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाच्या खटल्यात २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तो हक्क ठामपणे मान्य केला. मात्र त्याच कलमात प्रोग्रामच्या ठरावीक प्रकारच्या रूपांतरापुरता अपवाद केला आहे. चित्राला तसा अपवाद नाही. मुदत आणि प्रदेश न लिहिलेल्या हस्तांतराला कलम १९ पाच वर्षे आणि भारत एवढीच व्याप्ती देते, आणि कलम ३० अ तो नियम आवश्यक फेरफारांसह परवान्यांनाही लावते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मजकुरात प्रताधिकाराची पूर्ण मुदत आणि सर्व जग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्हींचा नाही.

अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओत दिवसा नोकरी करून रात्री मुक्त खेळासाठी चित्रे काढणाऱ्याला यापेक्षा कलम १७ अधिक जवळचे आहे. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाच्या प्रताधिकाराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र कायदा पुन्हा दोन वाटा करतो : मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेले चित्र, करार नसल्यास, सांगणाऱ्याचे होते, तशाच मोबदल्यावर लिहिलेला कोड लिहिणाऱ्याकडेच राहतो. त्यामुळे खेळासाठी पैसे देऊन चित्रे काढून घेतली असतील, तर त्यांवर मुक्त परवाना लावण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहिलेला नसतो, आणि त्याच खेळाच्या प्रोग्रामरकडे तो असतो.