वूतांग पर्वत : वारसा-व्यवस्थापन

वूतांग पर्वत हे चीनच्या हुबेई प्रांताच्या वायव्य भागातील ताओ पंथीयांचे पवित्र क्षेत्र असून उत्तर दिशेचा अधिपती झेनवू हे तेथील मुख्य दैवत आहे. तिआनझू (1,612 मी.) हे त्याचे सर्वोच्च शिखर. येथील प्राचीन वास्तुसमूह 1994 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

मिंग सम्राट योंगले याने 1412 पासून येथे मोठ्या प्रमाणावर मंदिरे बांधविली. शिखरावरील ब्राँझचे, सोन्याचा मुलामा दिलेले सुवर्णमंदिर 1416 चे असून त्याचे सुटे भाग बीजिंगमध्ये ओतून जलमार्गाने आणले गेले. शिखराभोवती तट बांधताना मूळ डोंगराला तिळमात्रही धक्का लावू नये, तट जमिनीच्या चढउताराप्रमाणेच न्यावा, असा हुकूम सम्राटाने 1419 मध्ये दिला होता. वूतांगच्या जतनाचा विचार याच हुकुमापासून सुरू करणे योग्य ठरते, कारण तो तट आजही कड्याच्या अंगाने वळत गेलेला दिसतो आणि डोंगर व इमारत वेगळी काढता येत नाहीत.

भाविकांना आवर घालण्याचा प्रश्नही येथे जुनाच आहे. नानयान या कड्यावरील मंदिरात दरीवर सुमारे 3 मीटर पुढे आलेल्या, कोरीव ड्रॅगनच्या अरुंद दगडी तुळईच्या टोकाशी धूप लावण्यासाठी लोक रांगत जात आणि कित्येक जण खाली कोसळत. अखेर 1673 मध्ये प्रांताधिकाऱ्याने ही प्रथा बंद करून तेथे कुलूपबंद कठडा बसविला. आज प्रवाशांना खासगी वाहने पायथ्याशी सोडून क्षेत्राच्या बसने वर जावे लागते. शिखराजवळ जाणाऱ्या रज्जुमार्गाने वृद्धांची सोय झाली, पण गर्दी थेट सर्वांत नाजूक जागी पोहोचते, ही त्याची उणी बाजू मानावी लागेल. लाकडी वास्तूंना आगीचा धोका कायम असतो; युझेन मंदिराचे मुख्य दालन जानेवारी 2003 मध्ये जळून खाक झाले.

व्यवस्थापनाची सर्वांत कठीण कसोटी मात्र हान नदीवरील दानजियांगकोऊ धरणाने पाहिली. या धरणाच्या पाण्याखाली 1960 च्या दशकात जुने जुनझोऊ शहर व तेथील जिंगले मंदिर बुडाले. वाचल्या त्या कासवाच्या पाठीवरील शिलालेखांसारख्या मोजक्या दगडी वस्तू. पुढे दक्षिणेचे पाणी उत्तरेकडे नेण्याच्या योजनेसाठी धरणाची उंची वाढवून जलपातळी 157 वरून 170 मीटर करण्याचे ठरले, तेव्हा पायथ्याचे युझेन मंदिर बुडणार हे स्पष्ट झाले. हे मंदिर साधक चांग सानफंग यांच्या स्मरणार्थ उभारलेले होते. ते दुसरीकडे हलविल्यास मागच्या डोंगराशी असलेले त्याचे नाते तुटले असते, म्हणून जागा न सोडता जमीनच भरावाने उंच करण्यात आली. प्रवेशद्वारे एकसंध ठेवून जॅकच्या साहाय्याने इंचाइंचाने 15 मीटर उचलली गेली व 2013 मध्ये ती नव्या पातळीवर पोहोचली. डिसेंबर 2014 पासून जलाशयाचे पाणी बीजिंगला जाऊ लागले. भरावाच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या युझेनच्या भोवती आता जलाशयाचे पाणी आहे.