रेडीबूस्ट
रेडीबूस्ट : पेनड्राइव्हमधली मोकळी जागा संगणकाची तात्पुरती साठवण म्हणून वापरण्याची विंडोजमधील सोय. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज व्हिस्टाबरोबर आणली. व्हिस्टा घरगुती ग्राहकांना जानेवारी २००७ मध्ये मिळू लागली.

पेनड्राइव्ह लावला की रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी संगणकाची स्मृती, वाढते, हा समज चुकीचा आहे. रॅम पेनड्राइव्हपेक्षा हजारो पटींनी वेगवान असते. रेडीबूस्ट झाकते ती हार्ड डिस्कची उणीव. डिस्कची तबकडी फिरत असते. विखुरलेला प्रत्येक लहान तुकडा वाचायला तिच्यावरची सुई सरकावी लागते आणि दर खेपेला साधारण १० मिलिसेकंद जातात. पेनड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे असा तुकडा त्याहून फार लवकर हाती येतो. सलग मोठी फाइल मात्र डिस्कच जलद वाचते, म्हणून विंडोज ते काम डिस्ककडेच ठेवते.

व्हिस्टात एकच पेनड्राइव्ह आणि ४ जीबीपर्यंतच जागा वापरता येई. विंडोज ७ पासून आठ पेनड्राइव्ह, प्रत्येकी ३२ जीबीपर्यंत चालू लागले. पेनड्राइव्ह किमान २५६ एमबीचा आणि पुरेसा वेगवान असावा लागतो; मंद असल्यास विंडोज त्याला नाकारते. एफएटी३२ या फाइल मांडण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वर जाता येत नाही, त्यासाठी एनटीएफएस किंवा एक्सएफएटी पद्धत लागते.

कोकणात हा उपाय अजून कामाचा आहे तो जुन्या यंत्रांमुळे. मुंबईच्या घरातून निवृत्त झालेला संगणक चाकरमान्याबरोबर गावी येतो आणि आंब्याच्या हंगामात पेट्यांचा हिशेब त्याच्यावरच होतो. १ जीबी रॅमच्या अशा यंत्राला डिस्ककडे वारंवार जावे लागते, म्हणून तिथे फरक जाणवतो. ४ जीबी असेल तर पेनड्राइव्हची जागा दुसऱ्या कामाला द्यावी. एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवलेली असेल, तर लाभ नाही हे ओळखून विंडोजच ही सोय बंद ठेवते.

पावसाळ्यात लाइट गेली, तर? पेनड्राइव्हवर असते ती केवळ नक्कल, मूळ माहिती डिस्कवरच राहते. म्हणून पेनड्राइव्ह मध्येच निघाला तरी काही हरवत नाही. सेव्ह न केलेले बिल मात्र रॅमबरोबर जाते. ते यूपीएसच वाचवू शकतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबीच्या पट्ट्यांना गंज चढून जोडणी तुटत राहते. तेव्हाही विंडोज निमूट डिस्कवर परतते, फक्त वेग पूर्वीइतकाच होतो. नक्कल १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध असते, त्यामुळे एसटीत पेनड्राइव्ह हरवला तरी त्या फाइलमधला हिशेब दुसऱ्याला वाचता येत नाही. त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवलेल्या फाइलींना हे संरक्षण नाही, हे ध्यानात ठेवावे.

सोय सुरू करण्यासाठी पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रेडीबूस्ट’ टॅब उघडावा आणि किती जागा द्यायची ते ठरवावे. तिथेच ती बंद करता येते. बंद केल्यावर नकलेची फाइल पुसली जाऊन तिने व्यापलेली जागा पुन्हा मोकळी होते.