रोबो घेण्याआधी गँगवे बघा

नमस्कार,

स्टोअरमधून लाइनवर माल नेण्यासाठी रोबो बसवावा का, हे विचारायला आपण आमच्याकडे आलात, त्याबद्दल आभार. कॅटलॉग सोबत आहेच, पण तो उघडण्याआधी हे पान वाचावं.

जुन्या एजीव्हीला, म्हणजे आखलेल्या वाटेवरूनच चालणाऱ्या बिनचालकाच्या गाडीला, जमिनीत पुरलेली तार किंवा चिकटवलेली मॅग्नेटिक पट्टी लागते. पट्टीवर कोणी खोकं ठेवलं की गाडी तिथेच उभी. एएमआर, म्हणजे आम्ही देतो तो नवा रोबो, वाट स्वतः शोधतो. सुरुवातीला आम्ही त्याला रिमोटने सगळ्या शेडमधून फिरवतो. त्याचा लायडार लेझरने भिंती, खांब, रॅक टिपतो आणि नकाशा तयार होतो. पुढे वाटेत खोकं आलं, तर जागा असल्यास तो वळसा घालतो, नसल्यास थांबतो.

खरी अडचण या थांबण्यातच आहे. एका मशीन शॉपमध्ये ट्रायल घेतली, तेव्हा रोबो दर फेरीला एकाच खांबापाशी अडायचा. आम्ही अर्धा दिवस सेटिंग तपासत बसलो. शेवटी कळलं, रिकाम्या बिनच्या ट्रॉल्या ठेवायला जागाच नव्हती, म्हणून हेल्पर त्या गँगवेमध्ये, म्हणजे ये-जा करायला आखलेल्या वाटेवर, पिवळ्या पट्ट्याच्या आत लावायचे. ट्रॉल्यांना जागा आखून दिली आणि रोबो सुरळीत चालू लागला. सेटिंगला हातही लावावा लागला नाही. तेव्हापासून आम्ही कोटेशनच्या आधी तुमचा गँगवे बघतो. रोबो जाऊन दोन्ही बाजूंना माणसासाठी अर्धा-अर्धा मीटर उरला पाहिजे.

जमिनीचंही तसंच. कूलंट सांडलेल्या कोब्यावर चाक घसरतं, पॅकिंगची तुटलेली पट्टी चाकात गुंडाळली जाते, काचेचं पार्टिशन लेझरला नीट दिसत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. लायडारचा झोत बहुधा जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा फिरतो. माणसाचा पाय त्याला दिसतो. फोर्कलिफ्टचे उचललेले फोर्क किंवा टेबलाबाहेर आलेली सळई मात्र त्या झोताच्या वर राहते. म्हणून भाव कमी करायला सांगितलात तरी थ्रीडी कॅमेरा आम्ही वगळणार नाही. चालकाविना चालणाऱ्या अशा गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ हे मानक आहे. कोणाकडूनही घ्या, पण त्याचं प्रमाणपत्र मागा.

आता हिशेब. स्टोअर ते लाइन १२० मीटर धरू. सेकंदाला एक मीटर वेगाने जाऊन-येऊन चार मिनिटं, माल चढवायला-उतरवायला आणखी तीन. म्हणजे कागदावर तासाला आठ फेऱ्या. थांबणं आणि चार्जिंग धरून आम्ही सहाच मोजतो. तुम्हाला तासाला दहा लागत असतील तर एक रोबो पुरणार नाही. आणि दिवसाला दहाच लागत असतील, तर चांगल्या चाकांच्या दोन ट्रॉल्या घ्या. हे सांगून आमची ऑर्डर जाते, पण न वापरलेला रोबो कोपऱ्यात धूळ खात पडलेला आम्हाला बघवत नाही.

ट्रॉली ओढणाऱ्या हेल्परांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुठे चढ आहे, कुठलं शटर अर्धंच उघडतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. अडलेला रोबो पुन्हा चालू करायला आम्ही त्यांनाच शिकवतो.

आम्ही पाहणीला येऊ, तेव्हा शेडचा नकाशा तयार ठेवा आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरना आवर्जून बोलवा. दिवसा मोकळा दिसणारा गँगवे रात्री कसा भरतो, ते त्यांच्याकडूनच कळतं.