हातातल्या यंत्रावर डोळ्याचा दाब: आकडा किती खरा धरायचा?

“घरी १९ आला, डॉक्टरांकडे १६. यंत्र बिघडलंय का?” यंत्र घेऊन गेलेले ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त हेच विचारतात. बहुतेक वेळा यंत्र ठीकच असते.

दवाखान्यात स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) बसवलेले गोल्डमन टोनोमीटर, म्हणजे दाब मोजायचे यंत्र, कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते मोजते. आपल्या हातातल्या यंत्राची रीत निराळी आहे. त्यातली प्रोब, म्हणजे बारीक काडी, कॉर्नियावर अलगद आपटून मागे येते. डोळ्यात दाब जास्त असेल तर तिचा वेग पटकन कमी होतो, आणि त्यावरून यंत्र दाब काढते. सहा वेळा मोजून सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा सोडला जातो आणि उरलेल्या चारांची सरासरी दिसते. रीतच वेगळी असल्याने २-३ मिलिमीटर पाऱ्याचा (हे दाबाचे एकक) फरक पडणे स्वाभाविक आहे. आयएसओ ८६१२ या आंतरराष्ट्रीय मानकातही तुलनेसाठी ५ मिलिमीटर पाऱ्याची मर्यादा धरली आहे.

कॉर्नियाची जाडी मात्र डॉक्टरांकडून एकदा मोजून घ्याच. कॉर्निया जाड असेल तर दाब असतो त्याहून जास्त दिसतो, पातळ असेल तर कमी. लेसिक (चष्मा घालवण्यासाठी लेसरने कॉर्निया पातळ करायची शस्त्रक्रिया) झालेल्यांनी तर कमी आलेल्या आकड्यावर निर्धास्त राहू नये.

बाकीचा घोळ बहुधा मोजताना होतो. पापणी वर धरताना बोट नकळत बुबुळावर टेकते आणि आकडा चढतो. बोट भुवईखालच्या हाडावर ठेवा. डोळे घट्ट मिटणे, श्वास रोखणे, गळ्याशी आवळलेली कॉलर यांनीही दाब वाढतो, आणि आडवे पडून मोजला तरी जास्त येतो. म्हणून बसून, समोर बघत मोजा. प्रोबचे टोक कॉर्नियाच्या मध्यासमोर ४ ते ८ मिलिमीटरवर असावे. आकड्यांत फार तफावत असल्याची खूण यंत्राने दाखवली तर तो आकडा सोडून द्या आणि पुन्हा मोजा.

दाब दिवसभर वर-खाली होत असतो, अनेकांचा सकाळी जास्त असतो. आकड्याशेजारी वेळ आणि थेंब कधी घातले तेही लिहा.

आणि कृपा करून आकडा बघून थेंब बंद करू नका. १० ते २१ ही साधारण मर्यादा असली, तरी त्या मर्यादेत दाब असूनही काचबिंदू होतो. डोळा अचानक ठणकून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, उलट्या झाल्या, तर मोजत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

पुढच्या तपासणीला यंत्र सोबत न्या. आधी आपल्या यंत्रावर मोजा, मग लगेच डॉक्टरांच्या. कॉर्निया वारंवार दाबल्याने दाब थोडा उतरतो, म्हणून हा क्रम पाळा. दोन-तीन भेटींत सारखाच फरक आला तर तो यंत्राच्या डबीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा.