पिल्लाआधी पोहोचलेले जंत

दिवाळीच्या आगेमागे पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एखादी कुत्री विते. वॉचमनकाका पोतं अंथरतात, मुलं वाटीतून दूध आणतात. महिनाभरात पिल्लांची पोटं टम्म दिसू लागली की लोक कौतुकाने म्हणतात, छान गुबगुबीत झालीत. जरा हात लावून बघा. पोट फुगलेलं, पण बरगड्या बोटांना लागतात, केस राठ, पाठीवर मांस नाही. असं पोट बहुधा खाऊन भरलेलं नसतं, जंतांनी भरलेलं असतं.

रस्त्यावरचं काहीतरी खाल्लं असेल, हा आपला पहिला तर्क. गोड खाल्ल्याने जंत होतात, असंही घरोघरी ऐकू येतं. पण ज्या पिल्लाने आईच्या दुधाशिवाय काही चाखलेलंच नाही, त्याच्याही आतड्यात तीन आठवड्यांत अंडी घालणारे जंत सापडतात. हे होतं कसं, ते कळलं की औषध कधी द्यायचं तेही कळतं.

कुत्र्यांमधल्या गोल जंताचं नाव टॉक्सोकारा कॅनिस. मोठ्या कुत्रीने मातीतून याची अंडी गिळली, की बाहेर पडलेल्या अळ्या बहुतेक वेळा आतड्यात न राहता स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांत शिरून निपचित पडून राहतात. महिनोन्‌महिने. कुत्री धडधाकट दिसते, शी तपासली तर अंडी दिसत नाहीत. कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. त्यातल्या 42व्या दिवसाच्या सुमारास या अळ्या जाग्या होतात, वारेतून गर्भात जातात आणि पिल्लाच्या यकृतात थांबतात. जन्मानंतर त्या फुप्फुसात पोहोचतात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात उतरून दहा-पंधरा सेंटीमीटरचे जंत बनतात. काही अळ्या दुधातूनही येतात. शिवाय एका वेताला सगळ्या अळ्या संपत नाहीत. उरलेल्या पुढच्या वेताला पुरतात.

म्हणूनच पशुवैद्य जंताचं औषध पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यावर सुरू करायला सांगतात, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पहिल्या लसीला नेऊ तेव्हा बघू, असं म्हटलं तर जंतांना महिनाभराची मोकळीक मिळते. एकच डोस पुरत नाही, कारण पायरँटेलसारखं औषध आतड्यातल्या जंतांवर चालतं, फुप्फुसातून अजून यायच्या अळ्यांवर नाही. आईलाही त्याच वेळी डोस हवा. ती पिल्लांची शी चाटून साफ करते.

अंकुशकृमी (हुकवर्म) हे दुसऱ्या जातीचे जंत गोल जंतांहून घातक, आणि माझ्या मते पुण्याच्या पावसाळी ओलीत त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. ओल्या, उबदार मातीत त्यांच्या अळ्या वाढतात आणि पंजाच्या कातडीतूनही आत शिरतात. आईच्या दुधातूनही येतात. आतड्याच्या अस्तराला दात रोवून ते रक्त पितात. मूठभर पिल्लाच्या अंगात रक्त ते किती! हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या किंवा शी काळी, डांबरी झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. अशा पिल्लाला घरगुती उपाय म्हणून लसूण भरवणं तर फारच वाईट, कारण लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे वळवळणारे तुकडे दिसले, तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो, म्हणून पिसवा घालवल्याशिवाय औषधाचा उपयोग टिकत नाही.

आता आपल्या मुलांविषयी. गोल जंताची एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. माणसाच्या पोटात गेलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात, पण त्यांचे मोठे जंत होत नाहीत. त्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकतात, आणि डोळ्यात गेल्या तर दृष्टी जाऊ शकते. 1952 मध्ये अमेरिकेत पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमधल्या या आजारामागे टॉक्सोकाराच्या अळ्या असल्याचं दाखवलं. आतड्यात जंतच नसल्याने मुलाची शी तपासून याचा पत्ता लागत नाही, रक्ताची तपासणी लागते.

पण म्हणून पिल्लांना हाकलण्याचं कारण नाही. ताज्या शीतली अंडी लगेच कोणाला बाधत नाहीत. त्यांच्यात अळी तयार व्हायला मातीत दोन ते चार आठवडे लागतात, त्यानंतर मात्र ती वर्षानुवर्षं टिकतात. फिनेलने मरत नाहीत. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर कुत्रा फिरवताना पिशवी खिशात हवी ती यासाठी: त्याच दिवशी उचललेली शी निरुपद्रवी असते, महिनाभर पडलेली नाही. पार्किंगची फरशी शी उचलून उकळत्या पाण्याने धुवावी. मुलांनी पिल्लांशी जरूर खेळावं, नंतर साबणाने हात धुवावेत. पिल्लांचं वजन किराणा मोजायच्या काट्यावरही करता येतं. डोस वजनावर ठरतो, तेव्हा दवाखान्यात जाताना प्रत्येकाचं वजन लिहून न्या, म्हणजे अख्ख्या वेताचं औषध एका फेरीत मिळेल.