व्हर्च्युअल मशीनची सेटिंग्ज आणि कमांड लाइन: पार्श्वभूमी

मुंबईतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, प्रथम दिसते ते बहुधा महाविद्यालयाच्या लॅबमध्ये, व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरच्या खिडकीत. रॅमची पट्टी माउसने सरकवायची, प्रोसेसरची संख्या निवडायची आणि ‘ओके’ दाबायचे, एवढ्यावर काम भागत असल्यामुळे कमांड लाइन, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी संगणक चालवण्याची पद्धत, ही नंतर आलेली, जाणकारांसाठी ठेवलेली सोय आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे.

आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६०च्या दशकात सीपी-४० आणि त्यानंतर सीपी-६७ या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणाली तयार झाल्या आणि त्यांच्याच पायावर १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर झाली. तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या वाट्याला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन येत असे आणि त्याचा तपशील ‘डिरेक्टरी’ नावाच्या नोंदींमध्ये मजकूर म्हणून लिहिलेला असे: नाव, पासवर्ड, नेहमीची मेमरी, कमाल मेमरी, डिस्कचे तुकडे. वापरकर्ता टर्मिनलवरून ‘डिफाइन स्टोरेज’ ही आज्ञा देऊन कमाल मर्यादेच्या आत आपली मेमरी बदलू शकत असे. मात्र तसे करताच मशीन रीसेट होई आणि कार्यप्रणाली पुन्हा सुरू करावी लागे. लिहून ठेवलेली नोंद वेगळी आणि चालू मशीनची स्थिती वेगळी, हा भेद तेव्हापासूनचा आहे आणि माझ्या मते या विषयातील निम्मा गोंधळ त्यातूनच उद्भवतो. आयबीएम १९७८ साली भारतातून बाहेर पडली, हेही ही परंपरा आपल्याकडे फारशी ओळखीची न होण्याचे एक कारण असावे.

पीसीवर हे सारे उशिरा आले, कारण इंटेलच्या तत्कालीन प्रोसेसरची रचना व्हर्च्युअलायझेशनला अनुकूल नव्हती. ती अडचण सॉफ्टवेअरच्या बळावर ओलांडून व्हीएमवेअरने १९९९ साली वर्कस्टेशन बाजारात आणले. त्याला खिडक्या होत्या, तरी खरी सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलमध्येच राहत. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम तर फाइलचीही अट घालत नाही. मेमरी, डिस्क, नेटवर्क असे संपूर्ण मशीन एकाच लांबलचक आज्ञेत लिहिता येते, आणि ती आज्ञा कोठे जपून ठेवली नसेल तर मशीनची व्याख्याही हरवते. पुढे २००७ साली केव्हीएम ही व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दाखल झाली.

क्यूईएमयूच्या अशा लांबलचक आज्ञा हाताळणे अवघड होते. रेड हॅट या कंपनीत २००५ साली सुरू झालेल्या लिबव्हर्ट या व्यवस्थापन-साधनाने मशीनची व्याख्या एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपात साठवली आणि ‘व्हर्श’ ही आज्ञा दिली. बदल चालू मशीनवर करायचा की साठवलेल्या व्याख्येत, हे तेथे ‘लाइव्ह’ आणि ‘कॉन्फिग’ या पर्यायांनी स्पष्ट सांगता येते. एकक न लिहिता मेमरीचा आकडा दिल्यास मात्र व्हर्श तो किबिबाइटमध्ये (एक किबिबाइट म्हणजे १०२४ बाइट) धरते. त्यामुळे १०२४ लिहिणाऱ्याने एक गिगाबाइट नव्हे, जेमतेम एक मेगाबाइट मागितलेला असतो.

इनोटेक या कंपनीने २००७ साली मुक्त स्रोत केलेले व्हर्च्युअलबॉक्स २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. त्याच्या ‘व्हीबॉक्समॅनेज’ या आज्ञेमध्ये हाच भेद दोन उपआज्ञांत विभागला आहे: बंद मशीनसाठी ‘मॉडिफायव्हीएम’ आणि चालू मशीनसाठी ‘कंट्रोलव्हीएम’. खिडकीत न दिसणारी कित्येक सेटिंग्ज येथे उपलब्ध असतात, आणि पडदा न जोडलेल्या सर्व्हरवर तर हाच मार्ग सोयीचा ठरतो. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही हे व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर २००८ साली आले, पण त्यासाठी पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लाइनच्या स्वतंत्र आज्ञा विंडोज सर्व्हर २०१२ सोबत मिळाल्या.

अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये आपल्या क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांचा, मुंबई विभाग सुरू केला. त्यावरील मशीनचा प्रकार, म्हणजे पर्यायाने त्याची मेमरी आणि प्रोसेसर, कमांड लाइनवरून एका आज्ञेत बदलता येतो. पण त्याआधी ते मशीन थांबवावे लागते.